बंदुकीचं बोलणं आणि वाडीची राखण



दिवाळी झाली. भात झोडून झालं. मुकादम उचल देऊन गेले आणि पनवेल, उरण, खालापूरच्या वीटभट्ट्यांवर आपली माणसं बिऱ्हाड घेऊन निघाली. वाडीत मागं राहिली म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि शाळेची पोरं. दरवर्षी याच दिवसांत वाड्यांवर दांडगाई होते. वाडी ओस पडली की ज्याला जागा पाहिजे तो येतो.

यंदाही आला. पनवेल तालुक्यातली डोंगराखालची एक वाडी. नाव छापत नाही, कारण अर्ज चालू आहे. रात्री साडेबाराच्या सुमाराला जीप आली. सात-आठ माणसं उतरली, हातात दांडके आणि तलवारी. दोन खोपटी पाडली, भांडीकुंडी बाहेर फेकली, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. जाताना एकानं हवेत बार काढला आणि सांगितलं, "शिमग्याच्या आत जागा खाली करा." चाळीस वर्षं वाडी तिथं आहे. पण खालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाची, आणि त्यानं ती फार्महाऊसवाल्याला विकली. वाडीसकट विकली म्हणा.

सकाळी लोक पोलीस ठाण्यात गेले. तिथं विचारलं, "गोळी कुणाला लागली? दाखवा." कुणाला लागली नव्हती. मग एनसी लिहून परत पाठवलं.

त्या आठवड्यात वाडीवर बैठक झाली. तरुण पोरं तापलेली. एक जण म्हणाला, "त्यांच्याकडे बंदूक आहे म्हणून ते येतात. आपल्याकडे असती तर आले असते का?" दुसरा म्हणाला, गावठी कट्टा मिळतो, माणूस माहीत आहे, घरटी वीस रुपये काढू. कोण तयार आहे विचारलं तेव्हा पहिला हात माझा वर गेला. हे मी लपवत नाही. मोडलेल्या हाताचा म्हातारा समोर बसला होता. मला दुसरं काही सुचलं नाही.

मग एक आजी बोलली. ती कधी बैठकीत बोलत नाही. ती म्हणाली, "पोरी, आपल्या खोपटाला कारवीचा कूड. दार नाय, कुलूप नाय. बंदूक निजवशील कुठं?"

सगळे हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून जो विचार केला, तो या अंकात मांडते. कारण हे बोलणं एका वाडीचं नाही, सगळ्या वाड्यांवर चाललंय. दबून बोलण्यापेक्षा उघड बोललेलं बरं.

माझ्या बापाची गोष्ट

माझा बाप एका फार्महाऊसवर वॉचमन होता. मी तेव्हा आश्रमशाळेत सातवीला. मालक मुंबईचा, शनिवार-रविवार येणारा. त्याच्याकडे लायसनची दुनळी होती. जाताना ती बापाकडे देऊन जायचा, "रात्री अंगणात घेऊन फिर, लोकांना दिसली पाहिजे." बापाला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला वाट द्यायचे.

एकदा पोलीस आले आणि बंदूक बापाच्या हातात सापडली. लायसनवर नाव मालकाचं, बापाचा कुठं उल्लेख नाही. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, मी दिली नाही, यानं कपाटातून काढली असेल. बाप अकरा दिवस आत होता. जामिनाला माणूस उभा करायचा तर त्याच्याकडे सातबारा पाहिजे. आमच्या वाडीत एकाही घराकडे सातबारा नाही. शेवटी ज्या शेटकडे आई लाकूडफाटा द्यायची त्यानं जामीन दिला, आणि त्याची फेड म्हणून दोन पावसाळे बापानं त्याच्याकडे नांगर धरला.

बंदूक अकरा महिने बापाच्या हातात होती. पण ती एक दिवस त्याची नव्हती. संकट आलं तेव्हा बंदूक मालकाकडे परत गेली आणि गुन्हा तेवढा बापाकडे राहिला.

रान आणि हत्यार एकाच वर्षी गेलं

शिबिरात आपण जंगल कायद्याचा इतिहास शिकतो. इंग्रजांनी १८७८ साली वन कायदा केला आणि रान सरकारी झालं. पण त्याच १८७८ साली लॉर्ड लिटननं हत्यार कायदाही केला. लायसनशिवाय हत्यार बाळगायचं नाही. गोऱ्यांना मात्र सूट. रान गेलं आणि लोकांचे हातही रिकामे झाले. मला तर दोन्ही कायदे एकाच कायद्याच्या दोन बाजू वाटतात.

स्वातंत्र्याच्या लढ्यात या कायद्याचा लोकांना इतका राग होता की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या हक्कांच्या ठरावात नेमनियमांखाली हत्यार बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढं घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती आणली. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला आणि ती पडली. आज आपल्याकडे चालतो तो १९५९ चा हत्यार कायदा.

अमेरिकेत उलटं आहे. तिथं बंदूक बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेतच आहे. पण तिथल्या आदिवासींचं काय झालं? १८९० च्या डिसेंबरात वुन्डेड नी इथं लाकोटा लोकांच्या तळाला फौजेनं वेढा घातला, त्यांची हत्यारं काढून घ्यायला लागले, आणि त्यातच गोळीबार सुरू होऊन बाया-पोरांसकट शेकडो माणसं मारली. हक्क घटनेत होता, पण तो कुणासाठी होता ते त्या दिवशी दिसलं.

लांब कशाला जायचं? आपल्या उरणमध्ये चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी लोक जंगल सत्याग्रहाला गेले. हातात लाकूड तोडायचे कोयते आणि कुऱ्हाडी. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात आपला नाग्या कातकरी गेला. १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमीनदारांनी खोटा निरोप पसरवून वारल्यांना काठ्या-कोयत्यांसकट जमवलं, आणि तिकडं पोलिसांना सांगितलं की हे दंगा करायला जमलेत. गोळीबारात पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड होता. ज्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं तो निरोप दिला, त्या ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या. त्यांना लाल सलाम.

तलवाडा नीट लक्षात ठेवा. तुम्ही हत्यार घेऊन जमावं हीच तेव्हा जमीनदाराची इच्छा होती. त्याला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. वारल्यांनी गवतकापणीची मजुरी वाढवून घेतली ती संप करून. हजारो माणसांनी गवताला हात लावायचं नाकारलं तेव्हा.

बार उडाला असता तर?

आता खरं बोलू. त्या रात्री आपल्या बाजूनंही एक बार झाला असता, तर जीप कदाचित पळाली असती. हे मी नाकारत नाही. बंदूक नको म्हणणारे पुष्कळ लोक पक्क्या घरात राहतात, त्यांच्या गल्लीत पोलीस फिरतो. आपल्या वाडीवरून फोन करायचा तर हायवेपर्यंत तासभर चालायचं. तेव्हा "कायदा हातात घेऊ नका" हे आपल्याला नुसतं सांगून चालणार नाही.

पण रात्रीनंतर सकाळ होते. सकाळी पोलीस आले असते, आणि या वेळी एनसी लिहायला नाही. विनालायसन हत्यार सापडलं तर तेव्हाच्या कायद्यात कमीत कमी एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत सजा होती. कुणाला गोळी लागली असती तर तेव्हाच्या दंड विधानाचं ३०७, मेला असता तर ३०२. एकाच्या कट्ट्यापायी वाडीतले सगळे तरुण उचलले असते. जामिनाला सातबारा कुठून आणणार? तारखांना पैसे कुठून आणणार? बायका पोरांना घेऊन भट्टीवर गेल्या असत्या, त्या परत आल्या नसत्या. शिमग्याच्या आत वाडी खाली झाली असती.

म्हणजे जे काम त्यांना सात-आठ गुंड आणून जमलं नाही, ते आपल्या एका कट्ट्यानं करून दिलं असतं. त्यांना आपला जीव नको आहे, आपली जागा पाहिजे. ज्यानं वाडी ओस पडते ते हत्यार आपल्या बाजूचं नाही, ते कुणाच्या का हातात असेना.

आणि कायदा सगळ्यांना सारखा दिसत नाही. १९९३ मध्ये एका मोठ्या नटाला एके-५६ बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. संजय दत्त, सगळ्यांना माहीत आहे. दंगलीत घरच्यांच्या रक्षणासाठी घेतली असं त्याचं म्हणणं पेपरात आलं. केस तेव्हा चालू होती, निकाल कोर्ट देणार होतं. पण त्याच्यासाठी मोठे वकील सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये त्याला जामीन मिळाला. त्यालाही दीड वर्षाच्या आसपास आत राहावं लागलं. मग वाडीतल्या पोराचं काय होईल, तुम्हीच हिशेब करा.

तिकडं गडचिरोलीत एका बाजूला नक्षलवाद्यांची बंदूक होती आणि दुसऱ्या बाजूला पोलिसांची. मधे माडिया आणि गोंड. दिवसा एक विचारायचा त्यांना भाकर का दिली, रात्री दुसरा विचारायचा त्यांना खबर का दिली. त्या वाटेला आपल्याला जायचं नाही.

मग मार खायचा का?

नाही. बंदूक नको म्हणजे मार खा असं संघटना सांगत नाही. बचाव हा आपला हक्क आहे आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. प्रत्येक वाडीत हे वाचून दाखवा.

२०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड विधानात कलमं ९६ ते १०६ खाजगी बचावाची होती. स्वतःच्या शरीराचा, दुसऱ्याच्या शरीराचा, आणि आपल्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचा बचाव करता येतो. शेजारणीवर हात टाकला तर तुम्ही मधे पडू शकता, तो गुन्हा नाही. जिवाला धोका असेल, बलात्कार करायला आला असेल, रात्री घर फोडत असेल, राहत्या खोपटाला आग लावत असेल, तर हा हक्क फार मोठा होतो.

पण त्याला मर्यादा आहेत, त्याही पाठ करा. गरजेपेक्षा जास्त मारायचं नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर आधी तिकडं जायचं. आणि धोका संपला की हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत कोयता घातला तर तो बचाव नाही, तो गुन्हा आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन मारलं तर तो सूड आहे. संघटना त्याच्या मागं उभी राहणार नाही.

दुसरी गोष्ट. "जागा आमची नाही, आम्ही काय बोलणार" असं पुष्कळ जण म्हणतात. हे चूक आहे. १९७५ साली पुरनसिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ज्याचा कब्जा स्थिर झाला आहे त्याला खऱ्या मालकानंही जबरदस्तीनं काढायचं नाही. मालकानं कोर्टात जायचं. चाळीस वर्षांची वाडी, लावलेले आंबे-फणस, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, घरपट्टीची पावती, हे सगळे कब्जाचे पुरावे आहेत. दळीवाल्यांनीही आपले जुने कागद पिशवीत घालून ठेवा.

तिसरी गोष्ट, कोयत्याची. पोलीस विचारतो, "कमरेला हत्यार का?" कोयती आपली भाकर आहे. हत्यार कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय की फक्त घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू, जशी लाठी, या हत्यारात धरायच्या नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाईहुकूम लागला असेल तेव्हा काठीसुद्धा घेऊन फिरता येत नाही. म्हणून कोकण भवनावर मोर्चा असतो तेव्हा कोयती घरी ठेवून यायची. आपल्या मोर्चात नेहमी हे का सांगतो ते आता समजलं असेल.

बंदुकीबद्दल आमची मागणी

कायद्यात बंदुकीचंही आहे, ते लपवायचं नाही. रानडुकरापासून पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचं लायसन मागता येतं. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून लायसन नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये आहे. नाचणी-वरीचं नुकसान होतं त्या कुणाला असा अर्ज करायचा तर संघटना लिहून देईल. पण डुकरासाठी घेतलेली बंदूक माणसावर उचलायची नाही.

याहून महत्त्वाचं १९९५ मध्ये आलं. ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम ३१ मार्च १९९५ ला निघाले. नियम ३ वाचा. जिथं अत्याचार होण्याचा धोका आहे असा भाग सरकारनं ठरवायचा. त्या भागात गरज पडली तर बिगर दलित-आदिवासींची, त्यांच्या नातेवाईक, नोकर आणि मित्रांची बंदुकीची लायसनं रद्द करून बंदुका सरकारी शस्त्रागारात जमा करायच्या. विनालायसन हत्यारं जप्त करायची. आणि जरूर वाटली तर दलित-आदिवासींना लायसन द्यायचं.

क्रम बघा. आधी त्यांची बंदूक काढा, मग आम्हाला देण्याचं बोला. आमची मागणी या क्रमातल्या पहिल्या दोन गोष्टींची आहे. पनवेल, खालापूर, कर्जत भागात फार्महाऊसवाल्यांकडे, बिल्डरांकडे आणि त्यांच्या माणसांकडे किती लायसनं आहेत याची तपासणी करा. ज्यांच्याविरुद्ध वाड्या उठवल्याच्या तक्रारी आहेत त्यांची लायसनं रद्द करा. ती बंदूक गेली तर आम्हाला बंदूक लागत नाही.

आदिवासीच्या राहत्या घराला आग लावली तर याच कायद्यात जन्मठेप आहे. जमिनीवरून बेकायदा हटवणं, घर सोडायला लावणं, हे गुन्हे आहेत. तपास डीवायएसपीनं करायचा, हवालदारानं नाही. जो अधिकारी, स्वतः दलित-आदिवासी नसताना, आपलं काम मुद्दाम टाळतो त्यालाही कलम ४ खाली सजा आहे. तेव्हा यापुढं एनसी घेऊन परत यायचं नाही. एफआयआर लिहीत नसतील तर तीच तक्रार पोस्टानं वरच्या साहेबाला पाठवायची आणि पोस्टाची पावती जपून ठेवायची.

राखण

शेवटी रोजचं काम. अर्ज रात्री साडेबाराला उठून उभा राहत नाही, माणूस उभा राहतो. म्हणून भट्टीचा हंगाम संपेपर्यंत प्रत्येक वाडीत राखण लावायची.

एक. सगळ्या माणसांनी एकाच वेळी भट्टीवर जायचं नाही. दर पाच घरांमागं एक धडधाकट माणूस वाडीत राहील, त्याचं धान्य बाकीची चार घरं देतील.

दोन. रोज रात्री चौघं जागी राहतील, त्यात दोन बाया. बॅटरी आणि थाळी जवळ पाहिजे. जीप दिसली की थाळी वाजवायची. शेजारच्या वाडीनं ऐकली की तिनंही वाजवायची आणि निघायचं. सात-आठ गुंड दहा म्हाताऱ्यांना भीत नाहीत, पण तीन वाड्या जाग्या झाल्या की त्यांना परतीची वाट शोधावी लागते.

तीन. वही ठेवायची. जीपचा नंबर, वेळ, माणसांची वर्णनं, कोण काय बोललं. शाळेत जाणाऱ्या पोरापोरींनी लिहायचं. पाडलेलं खोपटं पंचनामा होईपर्यंत हलवायचं नाही.

चार. राखणीच्या माणसानं दारू प्यायची नाही. प्यायला तर दुसऱ्या दिवशी त्याची पाळी बैठकीत वाचली जाईल.

पाच. गावठाणाची मागणी सोडायची नाही. वाडीखालची जमीन वाडीच्या नावावर झाली की निम्म्या जीपा आपोआप येणं बंद होतील. १९८४ मध्ये जासई-नवघरला पाच शेतकरी सिडकोविरुद्ध गोळ्या खाऊन मेले, त्यातून पुढं साडेबारा टक्के आले. पण ते ज्यांची जमीन गेली त्यांना. ज्याचं नाव कागदावर नव्हतं तो तिथंही मोजला गेला नाही. कागदावर नाव लागल्याशिवाय आपली राखण संपत नाही.

त्या वाडीत घरटी वीस रुपये जमले होते. कट्ट्यासाठी काढलेले ते पैसे बैठकीनं परत वाटले नाहीत. त्यातून दोन बॅटऱ्या, एक वही आणि म्हाताऱ्याच्या हाताचं प्लास्टर झालं. उरलेले अठ्ठावीस रुपये खजिनदाराकडे आहेत, हिशेब वहीत आहे. ज्या पोरानं कट्ट्याचं नाव काढलं होतं तोच पहिल्या रात्री राखणीला बसला. त्याच्या शेजारी मीही होते, आणि आजी थाळी मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत जागी होती.

ती जीप परत येईल. त्या रात्री वाडी भरलेली दिसली पाहिजे.

जिंदाबाद!